दम्याचा झटका आणि पंपाचे औषध: दवाखाना गाठेपर्यंत काय करावे?



सुगी सुरू झाली की खळ्यावर जोंधळ्याचा कोंडा उडू लागतो. भाताची मळणी, भुईमुगाच्या शेंगांची झोडणी, निपाणी-चिकोडीकडे तंबाखूच्या पाल्याची धूळ, ऊस गेल्यावर पेटवलेल्या पाचटाचा धूर, हे सारे एकामागून एक येते. सुगीचे हे दिवस आनंदाचे असतात. पण ज्या घरात दम्याचा माणूस आहे, त्या घराला या दिवसांतली रात्र फार मोठी वाटते. दम्याची उबळ बहुधा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे उठते. त्या वेळी वाहन मिळत नाही आणि दवाखाना दहा-पंधरा किलोमीटरवर असतो. घरातली माणसे घाबरून पाठ चोळत बसतात.

अशा वेळी उपयोगी पडणारे औषध आज अनेक घरांत असते. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या औषधाचा तो छोटा पंप. पण तो कधी उशिरा घेतला जातो, कधी चुकीच्या रीतीने घेतला जातो. काही वेळा त्याने थोडा आराम पडतो, तेवढ्यावर समाधान मानून माणूस घरीच थांबतो, आणि तीच गोष्ट जिवावर बेतते. म्हणून या अंकात या औषधाचा उपयोग काय, मर्यादा काय आणि दवाखाना गाठेपर्यंत घरच्यांनी काय करावे, याची माहिती देत आहोत.

छातीत नेमके काय घडते?

शेताला पाणी देणारा रबरी पाइप डोळ्यांसमोर आणा. पाणी तीन कारणांनी कमी येते. कोणी पाइप बाहेरून आवळला तर, पाइपाचे अस्तर आतून फुगले तर, किंवा आत गाळ साचला तर. दम्यामध्ये फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतले अस्तर सुजते, आणि चिकट कफ साचतो. मग हवा आत जायला त्रास होतो, आणि आत गेलेली हवा बाहेर पडायला त्याहून अधिक त्रास होतो. छातीतून शिट्टीसारखा साँय साँय आवाज येतो तो याच अरुंद झालेल्या नळ्यांतून.

पंपातले औषध यांपैकी एकच काम करते. ते आवळलेले स्नायू सैल करते. सूज उतरवणे हे त्याचे काम नव्हे, कफही ते काढून टाकत नाही. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली तर या लेखातील पुढचे सर्व काही आपोआप समजेल.

पंपातले औषध कोणते?

तातडीने आराम देणाऱ्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल हे औषध असते. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यातून १०० मायक्रोग्रॅम औषध सुटते. ते थेट श्वासनलिकेत पोहोचते, त्यामुळे पाच मिनिटांच्या आत गुण दिसू लागतो आणि तो साधारण चार ते सहा तास टिकतो. याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी घेतली तर पोटात ४,००० मायक्रोग्रॅम औषध जाते, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतके. तरी गोळीचा गुण सावकाश येतो, आणि हातपाय थरथरणे व छातीत धडधडणे मात्र जास्त होते. औषध जिथे लागते तिथेच नेऊन सोडणे, हा पंपाचा मोठा फायदा आहे. पिकाच्या मुळाशी ठिबकने पाणी द्यावे, तसेच हे आहे.

काही पंपांत सूज उतरवणारे औषध असते. ते रोज घ्यायचे असते, त्याने लगेच आराम वाटत नाही. ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल ही दोन औषधे एकत्र असलेला पंप मात्र आराम आणि सूज या दोन्हींसाठी वापरता येतो. ज्यांना डॉक्टरांनी तसा पंप दिला आहे, त्यांनी चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणेच तो वापरावा. पंपाच्या रंगावर विसंबू नये. वरचे नाव वाचावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे, आणि झटक्याच्या वेळच्या पंपावर खूण करून ठेवावी.

हे औषध कसे मिळाले?

आपल्या बांधावर उगवणारा धोतरा या कथेत पहिला येतो. त्याचा धूर दम्यावर घेण्याची रीत आपल्या देशात जुनी होती. १८०२ च्या सुमारास ती मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली, आणि पुढे युरोपात धोतऱ्याच्या विड्या दम्याचे औषध म्हणून विकल्या गेल्या. धोतरा विषारी आहे. त्याने भ्रम होतो, प्राणही जातात, म्हणून तो कोणी घरी वापरू नये. परंतु त्याच जातीच्या द्रव्यापासून सुधारलेले इप्राट्रोपियम हे सुरक्षित औषध आज दवाखान्यात वाफेतून दिले जाते.

१८८८ साली कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने चहाच्या पानांतून थिओफिलिन वेगळे केले. दम्याच्या जुन्या गोळ्या आणि इंजेक्शने याच जातीची आहेत. १९०३ साली ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दम्यावर देऊन पाहण्यात आले. त्याने नलिका उघडत, पण हृदयावर फार ताण पडे. १९५६ साली अमेरिकेत मोजून फवारा देणारा पंप निघाला. हृदयावर कमी आणि श्वासनलिकेवर अधिक काम करणारे साल्ब्युटामॉल इंग्लंडमध्ये १९६९ साली बाजारात आले. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

झटका किती गंभीर आहे हे कसे ओळखावे?

रोग्याशी बोलून पाहावे. हीच सर्वांत सोपी परीक्षा आहे. तो एक पूर्ण वाक्य एका दमात बोलू शकत असेल, तर झटका सौम्य किंवा मध्यम आहे. एकेक शब्द तोडून बोलत असेल, तर झटका गंभीर आहे. याशिवाय पुढील खुणा पाहाव्यात.

१. रोगी आडवा होऊ शकत नाही, पुढे वाकून हातांवर भार देऊन बसतो.
२. श्वास घेताना मानेच्या शिरा ताणतात आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते.
३. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० हून अधिक, किंवा नाडी १२० हून अधिक.
४. लहान मूल दूध किंवा पाणी पिऊ शकत नाही, रडायलाही त्याला दम पुरत नाही.
५. ओठ आणि नखे निळसर दिसतात.
६. रोगी गोंधळतो, ग्लानीत जातो किंवा थकून गप्प पडतो.

शेवटच्या खुणेबद्दल अधिक सांगायला हवे. बराच वेळ धडपडणारा रोगी अचानक शांत झाला आणि छातीतला आवाज बंद झाला, की घरच्यांना वाटते, उबळ बसली. कधी कधी ती शांतता सर्वांत वाईट असते. आवाज यायलाही थोडी हवा लागते. हवाच जात नसेल तर आवाज कुठून येणार? रोगी मोकळेपणाने बोलू लागला असेल तरच आराम पडला असे समजावे. तो बोलत नसेल, डोळे मिटत असेल, तर क्षणही दवडू नये.

घरात काय करावे?

रोग्याला सरळ बसवावे. झोपवू नये. गळ्याजवळचे बटण, कमरेचा पट्टा सैल करावा. भोवती गर्दी करू नये, चूल विझवावी, खिडकी उघडावी. घरातल्या एकाच शांत माणसाने त्याच्याजवळ बसून धीराने बोलावे. मग लगेच पंप द्यावा. "आधी थोडे थांबून पाहू" असे म्हणू नये.

ऑस्ट्रेलियात दम्याच्या प्रथमोपचारासाठी एक सोपा नियम शिकवला जातो. तो आपल्यालाही लक्षात ठेवता येईल. चार फवारे, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास, मग चार मिनिटे थांबणे. साल्ब्युटामॉलच्या पंपाचा एक फवारा स्पेसरमध्ये सोडावा आणि रोग्याने त्यातून चार वेळा श्वास घ्यावा. मग दुसरा फवारा, पुन्हा चार श्वास. असे चार फवारे झाले की चार मिनिटे थांबावे. आराम नसेल तर पुन्हा चार फवारे द्यावेत आणि तेव्हाच १०८ वर फोन करावा. गाडी येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे देत राहावे. वर सांगितलेल्या गंभीर खुणा सुरुवातीलाच दिसत असतील, तर आधी फोन करावा आणि मग लगेच पंप सुरू करावा. लहान मुलांसाठी आणि हृदयविकार असलेल्यांसाठी किती फवारे द्यायचे हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे.

अनेकांना भीती वाटते की इतके फवारे दिले तर औषध जास्त होईल. हात थरथरतात, छाती धडधडते, कधी डोके दुखते, हे खरे आहे. ते थोड्या वेळाने कमी होते. गंभीर झटक्यात दवाखान्यातही पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी चार ते दहा फवारे देण्याची पद्धत आहे. झटक्यात खरा धोका श्वास बंद होण्याचा असतो. मात्र इतके फवारे लागत आहेत म्हणजेच दवाखान्यात जायला हवे, हा त्याचा अर्थ आहे.

१०८ ची रुग्णवाहिका सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली. आज ती कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, तेलंगण, मध्य प्रदेश आणि गुजरात येथे चालते. तरीही वाडी-वस्तीवर गाडी पोहोचायला वेळ लागतो. म्हणून गावात रात्री कोणाची जीप किंवा रिक्षा मिळेल, हे सुगीपूर्वीच ठरवून ठेवावे. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून गंभीर रोग्याला नेणे धोक्याचे आहे, कारण तो ग्लानीत जाऊन पडू शकतो. वाटेतही पंप चालू ठेवावा.

स्पेसर आणि बाटलीचा उपाय

पंप दाबताच फवारा फार वेगाने सुटतो. धाप लागलेल्या माणसाला दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ घालता येत नाही. मग बरेचसे औषध जिभेवर आणि घशात जाऊन बसते. स्पेसर म्हणजे मधला पोकळ डबा. औषध आधी त्यात थांबते, आणि रोगी ते सावकाश ओढून घेतो. अनेक देशांतील तपासण्यांवरून असे दिसून आले आहे की, झटका अगदी जीवघेणा नसेल तर स्पेसरसह पंप हा वाफेच्या मशीनइतकाच गुण देतो. मशीनला वीज लागते, आणि आपल्याकडे वीज नेमकी रात्री जाते. स्पेसरला काहीच लागत नाही.

औषधाच्या दुकानात स्पेसर मिळतो, आणि प्रत्येक दम्याच्या घरात तो असावा. लहान मुलासाठी तोंडावर बसणारा मास्क असलेला घ्यावा. तो नसेल तर घरी बाटलीचा करता येतो. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे दम्याचा झटका आलेल्या मुलांवर याची तपासणी झाली आणि ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीने, फटी बंद केलेल्या असताना, विकतच्या स्पेसरसारखाच गुण दिला. फटी उघड्या असलेल्या बाटलीने कमी गुण दिला, आणि पेल्याने सर्वांत कमी.

कृती अशी. थंड पेयाची ५०० मिलिलिटरची रिकामी बाटली साबणाच्या पाण्याने धुवावी आणि न पुसता वाळू द्यावी. पुसल्याने प्लॅस्टिकला औषध चिकटते. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे आणि आकाराचे भोक तापलेल्या तारेने पाडावे. आत तुकडा राहिला नाही ना, हे पाहावे. पंपाचे तोंड भोकात घट्ट बसवून भोवतीची फट चिकटपट्टीने बंद करावी. रोग्याने बाटलीच्या तोंडाला ओठ घट्ट लावून श्वास घ्यावा. हे काम झटका आल्यावर करायचे नसते. आज दुपारी करून, फडक्यात गुंडाळून, पंपाजवळ ठेवावे.

प्रत्येक फवाऱ्याआधी पंप हलवावा. एका वेळी एकच फवारा सोडावा. चार फवारे एकदम बाटलीत सोडले तर औषध वाया जाते. स्पेसर अजिबात नसेल तर श्वास पूर्ण सोडून, पंपाचे तोंड ओठांत धरून, सावकाश श्वास ओढू लागतानाच दाबावे आणि जमेल तितका, शक्य तर दहा सेकंद, श्वास रोखावा.

साल्ब्युटामॉलच्या पंपात बहुधा २०० फवारे असतात. औषध संपल्यावरही आतला वायू सुटून फवारा आल्यासारखा वाटतो. डबी पाण्यात टाकून किंवा हलवून ती भरलेली आहे की नाही हे खात्रीने कळत नाही. मोजणीचा आकडा नसेल तर सुरुवातीपासून हिशेब ठेवावा, आणि संपण्यापूर्वीच नवा पंप आणावा.

दवाखान्यात काय करतात?

दवाखान्यात प्राणवायू मोजून तो कमी असेल तर ऑक्सिजन देतात. साल्ब्युटामॉल पुन्हा पुन्हा देतात आणि गंभीर झटक्यात त्याबरोबर इप्राट्रोपियम मिसळतात. पहिल्या तासातच स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देतात. एवढ्याने भागले नाही तर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात. रोगी थकून गेला तर श्वासाचे मशीन लावावे लागते.

यांत स्टेरॉइड सर्वांत महत्त्वाचे, कारण सूज तेच उतरवते. पण त्याचा गुण यायला काही तास लागतात. म्हणजे आवळलेली नळी पाच मिनिटांत सैल होते आणि सुजलेली नळी काही तासांनी उतरते. मधले हे तास पंप आणि ऑक्सिजन यांच्या आधारे काढायचे असतात. म्हणून दवाखान्यात उशिरा पोहोचणे इतके महाग पडते.

पूर्वी खेड्यापाड्यांत दमा म्हटला की थिओफिलिन जातीचे इंजेक्शन शिरेतून देत. त्याचा गुण आणि त्याचे विष यांतले अंतर फार थोडे आहे, त्यामुळे आजच्या जागतिक मार्गदर्शनात दम्याच्या झटक्यात ते देऊ नये असे सांगितले आहे. अस्वस्थ रोग्याला झोपेचे औषध देणेही फार धोक्याचे आहे. डॉक्टरांशी वाद घालावा म्हणून हे लिहीत नाही. "एक इंजेक्शन मारा आणि घरी सोडा" असा हट्ट आपण धरू नये, एवढेच सांगायचे आहे.

घरी परतताना दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिलेले सर्व दिवस घ्याव्यात, मोठ्या माणसाला त्या बहुधा पाच ते सात दिवसांच्या असतात. बरे वाटले म्हणून तिसऱ्या दिवशी थांबवू नयेत. आठवड्याच्या आत, आणि मुलांना दोन-तीन दिवसांतच, पुन्हा दाखवावे.

आराम पडला म्हणजे धोका टळला का?

येथे पंपाची दुसरी बाजू येते. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांसारख्या देशांत दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले. त्या वेळी आयसोप्रिनलिन या औषधाचे तीव्र मात्रेचे पंप सर्रास विकले जात होते. इशारा देण्यात आला, ब्रिटनमध्ये १९६८ साली चिठ्ठीशिवाय विक्री बंद झाली, आणि मृत्यू पुन्हा कमी झाले. १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल या पंपाच्या बाबतीत तसेच घडले. औषधाचा हृदयावर झालेला परिणाम आणि पंपावर विसंबून दवाखान्यात जायला झालेला उशीर, या दोन्ही कारणांवर तज्ज्ञांत पुष्कळ चर्चा झाली.

२०१४ साली ब्रिटनमध्ये दम्याने मरण पावलेल्या १९५ जणांच्या नोंदी तपासून अहवाल निघाला. त्यांतील ४५ टक्के लोक वैद्यकीय मदत न मागताच किंवा मदत पोहोचण्यापूर्वीच गेले होते. ज्यांच्या आराम देणाऱ्या पंपांची नोंद होती, त्यांतील ३९ टक्के लोकांना मागील वर्षात बारांहून अधिक पंप लिहून दिलेले होते. म्हणजे औषध त्यांच्याजवळ होते. पण आतली सूज वाढत गेली, आणि ती उतरवणारा उपचार नीट झाला नाही.

म्हणून २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात असे सांगितले जाते की मोठी माणसे आणि बारा वर्षांवरील मुले यांना निव्वळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये. सूज उतरवणारे औषध पंपातून मिळालेच पाहिजे. आपल्या घरापुरता हिशेब सोपा आहे. आराम देणारा पंप आठवड्यात दोनदांहून अधिक लागत असेल, किंवा रात्री दम्याने जाग येत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. महिन्याला एक पंप संपत असेल, तर तो मोठा धोक्याचा इशारा आहे, त्यात एक आठवडाही घालवू नये.

प्रत्येक धाप दम्याची नसते

श्वासनलिका उघडणारे औषध दम्यात आणि चुलीच्या किंवा विडीच्या धुराने झालेल्या जुन्या फुप्फुसविकारात उपयोगी पडते. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या आपल्या आया-आज्या या दुसऱ्या विकाराने पुष्कळदा आजारी असतात. त्यांना गुण थोडा कमी येतो, आणि ऑक्सिजनही बेताने द्यावा लागतो. पण काही धापा अगदी वेगळ्या असतात, आणि त्यांत पंप फुंकत बसल्याने वेळ जातो.

फवारणीनंतर धाप लागली, तोंडाला लाळ, घाम, उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर ते कीटकनाशकाचे विष आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, धुणाऱ्याने स्वतःच्या हाताला ते लागू देऊ नये, आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठावा. तेथे ॲट्रोपिन द्यावे लागते.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, अथवा एखादे औषध घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला आणि श्वास कोंडला, तर मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय आहे. पंपाने ते काम होत नाही.

शेंगदाणा किंवा चिंचोका खाता खाता मुलाला ठसका लागून श्वास अडला, तर नळीत वस्तू अडकली असावी. मूल खोकू शकत असेल तर खोकू द्यावे. खोकताही येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर जोराने पाच थापा माराव्यात आणि मदत बोलवावी.

म्हाताऱ्या माणसाला आडवे झाल्यावर धाप लागते, पाय सुजले आहेत, छातीत दुखते, तर हृदयाचा विचार करावा. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पापण्या जड झाल्या म्हणतो, गिळता येत नाही आणि श्वास मंद होतो, तर मण्यार चावली असण्याची शंका घ्यावी, जखम दिसो वा न दिसो.

काही समजुती

"पंपाची सवय लागते." नाही. शेतकऱ्याला पाण्याची सवय लागत नाही, गरज असते. दमा आहे म्हणून पंप लागतो.

"पंप हे शेवटचे औषध." उलट ते पहिले आहे. गोळी आणि इंजेक्शन यांपेक्षा त्यात औषध कमी लागते.

"काळा चहा दिला की उबळ बसते." चहात थिओफिलिन अगदी अल्प असते. एखादा घोट घशाला बरा वाटेल, पण त्याने झटका थांबणार नाही.

"हैदराबादेत मृग नक्षत्राला मासळीचे औषध घेतले, आता पंप नको." त्या औषधाने दमा बरा होतो असा शास्त्रीय पुरावा नाही. कोणी श्रद्धेने गेलाच, तर पंप खिशात असू द्यावा आणि रोजचे औषध बंद करू नये.

आणखी एक सूचना. अंगदुखीसाठी घेतलेल्या ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना जोराचा झटका येतो. रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या आणि काचबिंदूचे काही थेंबही श्वासनलिका आवळतात. प्रत्येक डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानदाराला "मला दमा आहे" हे आधी सांगावे.

शेतावर घ्यायची काळजी

दमा असणाऱ्याने मळणीच्या वेळी वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबावे, म्हणजे कोंडा त्याच्यावर येणार नाही. नाकातोंडावर मास्क किंवा ओले फडके बांधावे. बुरशी धरलेला कडबा त्याने हलवू नये. गाजरगवत फुलण्याआधी उपटावे. पाचट न पेटवता सरीत कुजवले तर जमिनीलाही फायदा होतो. सणाच्या दिवशी देवळात धूप आणि बाहेर फटाके असतात, तेव्हा दाराजवळ, मोकळ्या हवेत बसावे. पंप न्याहारीच्या पिशवीत बरोबर न्यावा, पण उन्हात किंवा ट्रॅक्टरच्या टपावर ठेवू नये. रिकामी डबीही चुलीत टाकू नये, ती फुटते.

कापून भिंतीवर लावावे

१. सरळ बसवा. पंप लगेच द्या.
२. चार फवारे, प्रत्येकी चार श्वास, चार मिनिटे थांबा.
३. आराम नाही? पुन्हा चार फवारे आणि १०८.
४. वाक्य पुरे होत नाही, ओठ निळे, ग्लानी: आधी १०८, मग लगेच पंप.
५. गाडी येईपर्यंत आणि वाटेतही पंप चालू ठेवा.
६. आराम पडला तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा.

या कागदाखाली रात्री मिळणाऱ्या गाडीवाल्याचा आणि जवळच्या दवाखान्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा. पंप आणि स्पेसर कोणत्या कोनाड्यात आहेत, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असावे. झटका येईल तेव्हा कदाचित तेच मूल घरात असेल, आणि मोठी माणसे शेतावर.